जबलपूरचे ठग आणि गुन्ह्याची मीमांसा

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर स्लीमनाबाद नावाचे एक लहानसे स्थानक लागते. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून परतणारा प्रवासी तेथे सहसा उतरत नाही. परंतु विल्यम हेन्री स्लीमन ह्या ज्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव ह्या गावाला मिळाले, त्याने जबलपुरात बसून जे कागद लिहिले, त्यांचा परिणाम पुढे सोलापूरच्या गिरणीवस्तीपर्यंत आणि थेट आपल्या काळातील तुरुंगांच्या नियमपुस्तकांपर्यंत पोहोचला. माणूस गुन्हा का करतो, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची जी उत्तरे आज आधुनिक म्हणून ओळखली जातात, त्यांतील बहुतेक उत्तरांचे बीज एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात ह्या एका शहराभोवती सापडते. ती उत्तरे कोणी दिली, कशासाठी दिली आणि त्यांपैकी कोणते सरकारने उचलले, ह्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ठग हा शब्द आपल्याला परका नाही. मराठीत त्याचा भाऊबंद ‘ठक’ हा आहे. ‘ठकास महाठक’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे एखादा लबाड दुकानदार किंवा खोटे कागद करणारा मनुष्य उभा राहतो. गळा आवळणारा मारेकरी उभा राहत नाही. मध्य हिंदुस्थानातील ठग हा आधी फसवीत असे आणि मग मारीत असे. यात्रेकरू, सावकाराचा हुंडेकरी किंवा रजेवर घरी निघालेला शिपाई ह्यांच्याशी वाटेत ओळख करून घ्यावयाची, दोन-चार मुक्काम त्यांच्या संगतीने करावयाचे, रात्री एकत्र चिलीम ओढावयाची, गाणे ऐकावयाचे, आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या इशाऱ्यावर रुमालाने गळा आवळून प्रेते तेथेच पुरून टाकावयाची. दक्षिणेत अशा टोळ्यांना फासिगार म्हणत. मेलेला मनुष्य ओरडत नाही आणि पुरलेला मनुष्य फिर्याद करीत नाही, म्हणून ह्या गुन्ह्याचा बोभाटा होत नसे. घरच्या मंडळींनी दोन पावसाळे वाट पाहावी आणि मग तीर्थक्षेत्री वारला असेल म्हणून तर्पण करावे, एवढाच त्याचा माग.

हा मुलूख त्या वेळी नुकताच हातोहात फिरला होता. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ मध्ये नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले. आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपुराजवळ झालेल्या लढाईनंतर तेथे कंपनीचा अंमल बसला. त्याच सुमारास पेंढाऱ्यांचा बीमोड झाला आणि ठिकठिकाणच्या संस्थानी फौजांना रजा मिळाली. स्लीमन १८०९ मध्ये बंगालच्या फौजेत भरती झालेला, नेपाळच्या युद्धात लढलेला अधिकारी. १८२० नंतर तो मुलकी कामावर सागर-नर्मदा प्रदेशात आला आणि १८२२ ते १८२४ ह्या काळात नरसिंहपूर जिल्हा त्याच्याकडे होता. त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्या दिवसांत जिल्ह्यातील लहानसहान चोरीसुद्धा आपल्या नजरेतून सुटत नाही अशी त्याची खात्री होती. आणि नंतर त्याला कळले ते हे की, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत कंदेली गावात ठगांची एक टोळी बिनघोर राहत होती, व एका मुक्कामावरची आमराई ही साऱ्या देशातील मोठ्या वधस्थानांपैकी एक होती. असा धक्का बसलेला अधिकारी पुढे किती झपाट्याने काम करतो, हे सांगावयास नको. १८२६ ते १८३५ ह्या दहा वर्षांत ठगीच्या आरोपावरून १,५६२ माणसांवर खटले झाले आणि त्यांतील १,४०४ माणसे फासावर तरी गेली किंवा जन्मठेपेवर काळ्या पाण्याला तरी गेली.

ह्या कामगिरीच्या आरंभीच, ३ ऑक्टोबर १८३० रोजी, कलकत्त्याच्या एका साहित्यविषयक पत्रात एक निनावी पत्र छापून आले. जबलपुरात ठगांना फाशी दिल्याचा वृत्तांत त्यात होता, आणि ह्या साऱ्या हत्याकांडाचे मूळ विंध्याचलच्या देवीच्या देवळात आहे असे त्यात ठासून म्हटले होते. पत्र स्लीमनचे होते, हे लवकरच सर्वांना समजले. गुन्ह्याची पहिली मीमांसा ही अशी झाली: ठग मारतात, कारण त्यांचा धर्म त्यांना मारावयास सांगतो. गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या सरकारला ही मीमांसा पटण्याजोगी होती. ज्या देशात देवीच माणसे मारावयास लावते, तेथे परक्या राज्याला आपल्या अस्तित्वाचे कारण शोधत बसावे लागत नाही.

मीमांसा म्हणून ती लंगडी होती. टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, आणि तेही देवीचे शकुन पाहत असत. कुदळीची पूजा होई, मोहिमेच्या आधी कौल लावला जाई, हे खरेच आहे; पण दसऱ्याला आपला सुतार करवत पूजतो, शिपाई तलवार पूजतो आणि कारकून दौत-लेखणी पूजतो. त्यावरून कारकुनी हा देवीने लावून दिलेला पंथ आहे असे कोणी अनुमान काढीत नाही. ज्या धंद्यात धोका अधिक, त्यात शकुनही अधिक. देव हा धंद्याच्या पाठीशी असतो. धंद्याचे कारण तो असतोच असे नाही.

स्लीमन केवळ देवीवर थांबला नाही, हे त्याच्या बाबतीत न्यायाने सांगितले पाहिजे. १८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या ‘रामसीयाना’ ह्या ग्रंथात त्याने ठगांच्या सांकेतिक बोलीचा, म्हणजे रामसीचा, कोश दिला आणि माफीच्या साक्षीदारांशी झालेली आपली संभाषणे जवळजवळ प्रश्नोत्तरांच्या रूपात छापली. गुन्हेगाराला त्याच्या गुन्ह्याचे कारण समोर बसवून विचारावे, ही गोष्ट त्या काळात नवी होती. ह्या साक्षीदारांत फिरंगिया हा मुख्य. हा जातीने ब्राह्मण, दिसावयास देखणा, बोलण्यात तरबेज. १८३० च्या अखेरीस तो पकडला गेला आणि जीव वाचविण्यासाठी त्याने आपल्या सोबत्यांची व पुरलेल्या प्रेतांची ठिकाणे दाखविली. स्लीमनने त्याला विचारले, तुम्हांला दया येत नाही काय? त्यावर त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: दया येते, पण एकदा तुपौनीचा गूळ खाल्ला की माणूस पालटतो. तुपौनी म्हणजे खुनानंतर देवीला दाखवून टोळीत वाटला जाणारा गुळाचा प्रसाद. तो म्हणे, माझी आई सुखवस्तू घरची, माझे आप्त मोठ्या हुद्द्यांवर, मीही जेथे चाकरीला राहिलो तेथे मर्जीतला झालो. तरी टोळीपासून दूर राहिलो की जीव लागेना. लहानपणीच बापाने तो गूळ चाखविला होता. घोड्यालासुद्धा तो चारला तर त्याचाही स्वभाव बदलेल.

गुन्हेगाराने स्वतः मांडलेली गुन्ह्याची इतकी नेमकी उपपत्ती मला अन्यत्र आढळलेली नाही. गूळ बाजूला ठेवला तर तो काय सांगतो? तो सांगतो की माणूस ठग म्हणून जन्मत नाही, त्याला ठग केले जाते. गुळाचा वाटा त्याला टोळीत घेतो, आणि टोळीत घेतल्यावर टोळीचे डोळे हेच त्याचे डोळे होतात. ठगांच्या मुलांचे शिक्षण कसे होई, हेही ह्याच ग्रंथात आहे. पहिल्या फेरीत मुलाला काही कळू द्यावयाचे नाही. त्याला तट्टू द्यावयाचे, खाऊ द्यावयाचा, प्रवासाची गोडी लावावयाची. पुढे लूट होते एवढे कळू द्यावयाचे. मग कधीतरी मारले जाते हे. आणि पुष्कळ उशिरा, छाती घट्ट झाल्यावर, प्रत्यक्ष पाहू द्यावयाचे. रुमाल हाती घेण्याचा मान मिळण्यापूर्वी पाळत, खड्डा खणणे, हात धरणे अशा पायऱ्या चढाव्या लागत. अमेरिकेत एडविन सदरलंड ह्या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये असा सिद्धांत मांडला की, गुन्हा हा शिकला जातो. जिव्हाळ्याच्या माणसांच्या संगतीत त्याचे तंत्रही शिकले जाते आणि त्याचे समर्थनही शिकले जाते. त्या सिद्धांताचा शंभर वर्षे आधीचा पुरावा जबलपूरच्या कचेरीत बांधून पडला होता.

ह्याच पुस्तकात कुरहोरा नावाच्या मुलाची हकीकत आली आहे. वय चौदा, ठगाच्या घरातला, पहिल्याच मोहिमेवर निघालेला. हरसुखा नावाच्या ठगाकडे त्याला सांभाळण्याचे काम होते. खून चालले असता पोराला मागे ठेवावयाचे असे ठरले होते. पण ते नेमके साधले नाही आणि जे पाहावयाचे नव्हते ते त्याच्या दृष्टीस पडले. तो थरथर कापू लागला, भ्रमिष्टासारखा ओरडू लागला, कोणी जवळ आले तरी किंचाळू लागला आणि संध्याकाळ होण्यापूर्वी गतप्राण झाला. हरसुखाने त्यानंतर धंदा सोडला आणि तो बैरागी होऊन नर्मदाकाठच्या एका देवळात जाऊन राहिला. रक्तातच खून असतो असे म्हणणाऱ्याने ह्या पोराच्या रक्ताचा विचार करावा.

आणि स्लीमन नेमके रक्ताकडेच वळला. ते का, हे समजण्यासाठी खटल्यांची अडचण ध्यानात घेतली पाहिजे. मारला गेलेला मनुष्य कोण हे ठाऊक नाही, तारीख ठाऊक नाही, खून कधी भोसल्यांच्या तर कधी शिंद्यांच्या हद्दीत झालेला, आणि साक्षीदार कोण, तर दुसरा ठग. साधारण पुराव्याच्या कायद्याने अशा खटल्यात कोणालाही शिक्षा होणे कठीण. तेव्हा स्लीमनने दुसरा मार्ग काढला. त्याने साक्षीदारांकडून नावे घेतली, नावांपुढे बाप, आजा, चुलते, मेहुणे लिहिले आणि ठगांच्या वंशावळी तयार केल्या. ज्याचे नाव वंशावळीत, तो संशयित. ह्या पद्धतीला १८३६ च्या तिसाव्या कायद्याने बळ दिले. कोणताही एक विशिष्ट खून सिद्ध झाला नाही तरी, ठगांच्या टोळीत तो मनुष्य कधीही, कंपनीच्या हद्दीत वा हद्दीबाहेर, कायद्यापूर्वी वा कायद्यानंतर सामील होता एवढे सिद्ध झाल्यास त्याला सक्तमजुरीची जन्मठेप देता येई. काय केले ह्याऐवजी कोण आहे, ह्याला शिक्षा झाली. आनुवंशिकतेचा सिद्धांत जबलपुरात जन्मला तो असा, पुराव्याच्या गरजेपोटी, प्रयोगशाळेत नव्हे. आणि माफीच्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर टांगलेला होता, हेही विसरता येत नाही. साहेबाला जे ऐकावयाचे आहे ते फिरंगियासारख्या माणसाला पहिल्या दिवशीच कळले असणार. ज्याचा जन्म वाटसरूंच्या मनातले ओळखण्यात गेला, त्याला एका अधिकाऱ्याच्या मनातले ओळखणे किती अवघड?

दरम्यान रक्ताचा पुरावा हाडांत शोधण्याचाही प्रयत्न झाला. स्लीमनला स्वतःला हाडांचे कुतूहल होतेच. १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्याला जे अश्मीभूत अवशेष मिळाले ते डायनासोरचे ठरले. परंतु ही दुसरी हाडे माणसांची होती. सागर येथील शल्यचिकित्सक हेन्री स्प्राय ह्याने फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबरोला पाठविल्या. कवटीवरील उंचवट्यांवरून स्वभाव वाचणारे एक सामुद्रिक तेव्हा युरोपात फार प्रतिष्ठा पावले होते आणि त्याची मोठी सभा एडिंबरोस होती. १८३४ मध्ये त्या सभेच्या नियतकालिकात सातही कवट्यांचे मोजमाप छापून आले. गंमत अशी की, ज्या ठिकाणी संहारवृत्तीचा उंचवटा असावयास हवा होता, तेथे तो म्हणण्यासारखा नव्हता. शेकडो गळे आवळणाऱ्यांची डोकी चार माणसांसारखीच निघाली. एवढ्यावर शास्त्र मोडावयास हवे होते; पण शास्त्रज्ञांनी ते मोडू दिले नाही. ठग क्रौर्यासाठी मारीत नाहीत, लोभासाठी मारतात. लहानपणापासून त्यांना तशी सवय लावलेली असते. असे स्पष्टीकरण देऊन त्यांनी कवटीही वाचविली आणि सिद्धांतही वाचविला. त्या स्पष्टीकरणाने कवटी निरुपयोगी ठरते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बेचाळीस वर्षांनंतर, १८७६ मध्ये, इटलीच्या लोंब्रोसोने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला आणि पुन्हा जबडे, कान व कपाळे मोजण्यास आरंभ झाला. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंगने इंग्लंडच्या तुरुंगांतील हजारो कैद्यांची मापे प्रसिद्ध करून त्या सिद्धांतातील शरीरलक्षणांचा भाग निकालात काढला. स्प्रायने पाठविलेल्या कवट्या मात्र एडिंबरोच्या विद्यापीठाच्या संग्रहात जपून राहिल्या.

मग ठग ठग का झाले? हिरालाल गुप्त यांनी १९५९ मध्ये ठगांविषयीच्या आपल्या चिकित्सक लेखात ह्या प्रश्नाला अगदी वेगळी दिशा दिली. कंपनीच्या विस्ताराने जुनी राज्ये कोसळली, फौजा मोडल्या, जमीनमहसुलाची घडी विसकटली. बेकार शिपाई आणि उखडलेले शेतकरी ह्यांतून टोळ्या वाढल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दहा वर्षांनी स्टुअर्ट गॉर्डन ह्या अभ्यासकाने माळव्यातील लहानमोठ्या सत्ताधीशांशी असलेल्या ह्या टोळ्यांच्या संबंधांकडे लक्ष वेधले. आणि २००७ मध्ये किम वाग्नर ह्यांनी चंबळकाठच्या सिंधौस परगण्याचे दप्तर तपासून दाखविले की, तेथील ठग जमीनदारांच्या आश्रयाने राहत, त्यांना लुटीतला हिस्सा देत आणि शिंद्यांचे सरकार त्यांच्या घरांवर पट्टीही बसवीत असे. आपल्या मराठी वाचकाला हे वाचून थोडे अवघडल्यासारखे होईल, पण ते टाळण्यात अर्थ नाही. ठगी हा गावात राहून, वर्षातील काही महिने करावयाचा धंदा होता आणि त्याच्यावर कर वसूल होत होता. गुन्हेगार हा समाजाच्या बाहेर असतो ही कल्पना तेथेच ढासळते. बेल्जियमचा गणितज्ञ केतले ह्याने १८३५ मध्ये, म्हणजे ‘रामसीयाना’च्या अवघे एक वर्ष आधी, फ्रान्सच्या न्यायालयांचे आकडे मांडून दाखविले होते की, गुन्ह्यांची संख्या वर्षामागून वर्षे जवळजवळ ठरावीक राहते, म्हणजे त्यांची तयारी समाजाच्या रचनेतच होत असते. जबलपूर आणि ब्रुसेल्स ह्यांची गाठ पडली असती तर स्लीमनच्या वंशावळीशेजारी पावसाचे, धान्याच्या भावाचे आणि मोडलेल्या पलटणींचे तक्तेही लागले असते. तसे झाले नाही.

तरीही केवळ दारिद्र्यावर सारा भार टाकणे मला पटत नाही. मोडलेल्या फौजांतील बहुसंख्य शिपाई घरी जाऊन नांगर धरून बसले. आणि आपल्या हिंगोलीचेच उदाहरण पाहा. १८३२ च्या सुमारास ठगांचे शोध दक्षिणेत आले तेव्हा हिंगोलीच्या छावणीतील हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी टोळीचा जमादार निघाला. इंग्रज अधिकाऱ्यांची त्याच्याशी जानपछान होती. मालाच्या वाहतुकीसाठी तो त्यांच्याकडून रीतसर परवाने घेई आणि मारलेल्या व्यापाऱ्यांचे कापड त्या परवान्यांवर राजरोस बाजारात आणी. हिंगोलीतच राहिलेल्या मेडोज टेलरने, ज्याच्या १८३९ च्या कादंबरीने ठगांना जगभर प्रसिद्धी दिली, ही हकीकत सांगितली आहे. हरिसिंग उपाशी नव्हता. एका वेळी दोन धंदे त्याला जमत होते, आणि दुसऱ्या धंद्यात भांडवल लागत नव्हते. उपासमार माणसाला गुन्ह्याच्या दारापर्यंत नेते. आत घेणारी टोळी, माल घेणारा बाजार आणि डोळेझाक करणारा जमीनदार असल्याशिवाय त्या दाराआड धंदा उभा राहत नाही.

आता जबलपूरच्या सर्वांत विलक्षण प्रयोगाकडे वळू. माफीचे साक्षीदार सोडता येत नव्हते आणि फासावरही देता येत नव्हते. त्यांची बायकामुले होती. तेव्हा १८३७-३८ च्या सुमारास कॅप्टन ब्राउन ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जबलपुरात एक उद्योगशाळा काढण्यात आली. प्रथम म्हातारे ठग कुरकुरले. विणकाम हे त्यांना हलके वाटे. परंतु हळूहळू विटा, सतरंज्या, तंबू आणि गालिचे तेथे तयार होऊ लागले. जबलपूरचे तंबू लष्कराला आणि साहेबलोकांना पसंत पडू लागले. युरोपीय प्रवासी गावात आले की त्यांना ही शाळा दाखवीत. एखादा पांढऱ्या दाढीचा ठग रुमाल कसा टाकावयाचा हे पाहुण्याला हसतहसत दाखवी, आणि पलीकडे त्याचा मुलगा मागावर बसलेला असे.

ह्या दृश्यापुढे थांबून विचार केला पाहिजे. ठगाच्या घरात जन्मलेली मुले येथे टोळीपासून दूर झाली, हाताला काम मिळाले आणि एका पिढीत ठगी संपली. १८३९ मध्येच स्लीमनच्या खात्याला ठगीबरोबर दरोड्यांचे काम जोडावे लागले, आणि १९०४ मध्ये ते खाते मोडून त्याच्या जागी मध्यवर्ती गुप्तवार्ता विभाग आला. एका पिढीत सुटतो तो आजार रक्ताचा नसतो. पण स्लीमनच्या कचेरीत दोन कागद होते: एक वंशावळीचा आणि एक उद्योगशाळेच्या हिशेबाचा. पुढच्या राज्यकर्त्यांनी पहिला उचलला. भिंतीच्या आत ठेवूनच ती मुले सुधारली, असाही अर्थ त्यांनी दुसऱ्याचा काढला, आणि त्यातील भिंत तेवढी घेतली.

१८७१ च्या ऑक्टोबरात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. विधेयकावरील चर्चेत युक्तिवाद असा होता की, ह्या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकऱ्याचा मुलगा विणकर होतो, त्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगार असलेल्या जातीही असणारच. आणि ह्याचे धडधडीत उदाहरण म्हणून ठगांकडे बोट दाखविण्यात आले. ठग तर अनेक जातींतून आलेले, हे ‘रामसीयाना’ उघडले असते तरी दिसले असते. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की तीच अधिसूचना अंतिम पुरावा ठरे. कोणत्याही न्यायालयाला तिच्याविषयी प्रश्न करता येत नसे. नोंदणी, हजेरी, गाव सोडताना पास, आणि पास नसता सापडल्यास शिक्षा. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांच्या मुलालाही आईबापांपासून वेगळे काढण्याची मुभा मिळाली. हा कायदा आधी उत्तरेपुरता होता. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला.

बैलावर बिऱ्हाड टाकून मीठ-धान्य वाहणारे, टोपल्या विणणारे, दगड फोडणारे, कसरती करणारे असे कितीतरी लोक त्या याद्यांत गेले. रेल्वे आणि जंगलकायदे ह्यांनी ज्यांचे जुने धंदे बुडविले तेच बहुधा यादीत आले, हा योगायोग म्हणावयाचा की कार्यकारणभाव, हे ज्याने त्याने ठरवावे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत झाली. तेथून माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत येत. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ ह्याच नावाने ओळखला जातो. जबलपूरच्या शाळेत माणसाला काम मिळाले ते त्याने केलेल्या गुन्ह्यानंतर. सोलापुरात कुंपण मिळाले ते जन्मताच.

अशा कुंपणाचा परिणाम काय होतो, हे हॉवर्ड बेकर ह्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये सिद्धांतरूपाने सांगितले: समाज ज्याला बाहेरचा ठरवितो त्याला आत येण्याचे मार्ग बंद होतात आणि दिलेले नावच त्याला पत्करावे लागते. मराठी वाचकाला हे समजण्यासाठी बेकरची गरज नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गुन्ह्याच्या मीमांसेवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक न्यायाधीश, तुरुंगाधिकारी, वैद्य आणि प्राध्यापक ह्यांनी. ह्या दोन पुस्तकांत पहिल्यांदा यादीतले नाव स्वतः बोलू लागले. फिरंगिया बोलला होता, पण गळ्याभोवती दोर असताना.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्येच रद्द केला होता. अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्यानंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे झाले. मुंबई राज्याचा १९५९ चा. ह्या कायद्यांचा शब्द जमातीविषयी नव्हता, व्यक्तीविषयी होता. ठाण्यातील शिपायाच्या मनातील यादी मात्र तीच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर ती अक्षरशः राहिली. कोणत्या जातीच्या कैद्याने झाडावे, कोणी स्वयंपाक करावा, भटक्या वा विमुक्त जमातीतील कैद्याला सराईत समजावे की कसे, असे नियम कित्येक राज्यांच्या पुस्तकांतून नांदत होते. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि राज्यांना आपापली नियमपुस्तके दुरुस्त करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. स्लीमनचे ते निनावी पत्र ज्या तारखेला छापले गेले होते, तिला त्या दिवशी एकशे चौऱ्याण्णव वर्षे पूर्ण झाली.